कॅनॉलच्या वळणावरची दोन डोकी

मंडळी, बुक्का लागला, हार गळ्यात पडला, आमच्या मधुकाकांनी पेटी बाजूला सारून चहाही घेतला — म्हणजे आता तुमची सुटका नाही! मागचे जरा पुढे सरका. खांबाला टेकलेले आबा, तुम्ही टेकूनच राहा, पण डोळे उघडे ठेवा. आता आख्यान!

आणि आख्यानाच्या आधी एक प्रश्न. सोपा आहे. मार्क नाहीत.

तुमच्या खांद्यावर जे डोकं आहे ना — ते कोणाचं?

हसताय काय? सांगा की! ... काय म्हणालात आबा? 'माझंच'? वा! मग गेल्या महिन्यात तुम्हाला ताप भरला, तेव्हा त्या डोक्यावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कोण ठेवत होतं? आजी! मग आजींचा त्यात काही वाटा आहे की नाही? बघा, आजी कशा माना डोलवतायत!

बरं, डोकं माझंच म्हणावं, तर त्यावर काय घालायचं हे दुसऱ्यानं का सांगावं? आणि डोकं माझं एकट्याचं नाही म्हणावं, तर मी ते वाटेल तिथे नेऊन कसं आपटावं? अडकलात ना? मीही अडकले. म्हणून हे पद केलं. जुनं नाही हो, माझंच आहे. मात्रा चुकली तर मला धरा.

कोणाचे हे शिर, कोणाची ही काया,
दारी उभी माया, वाट पाहे!

आता आजच्या कथेत राजा नाही. राक्षस नाही. आज आहेत दोन म्हातारे आणि दोन सायकली. तोंडं वाकडी करू नका! परवा एक गृहस्थ मला म्हणाले, 'बाई, कीर्तनात सायकल कशी आणता?' म्हटलं, रथ चालतो ना तुम्हाला? मग चाकं चार काय आणि दोन काय!

ऐका तर मंडळी. कृष्णेच्या अलीकडे, कॅनॉलच्या काठाला धामणपूर नावाचं गाव. चारी बाजूंनी ऊस, मधे घरं, आणि घराघरात सायकल. पोरी सायकलीनं शाळेला, बाया सायकलीनं शेतात भांगलणीला, न्हावी सायकलीनं दाढ्या करायला. त्या गावात दोन जिवलग मित्र. एक — गुंडोपंत हुपरीकर सर. हायस्कूलला छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. अंगानं काडी, डोक्यावर एक केस नाही, आणि बोलणं असं, की प्रत्येक वाक्याखाली दोन रेघा मारून 'म्हणून सिद्ध' लिहावं! दुसरे — बाळगोंडा मगदूम. गावाची पिठाची गिरणी त्यांची. आता गिरणी मुलगा बघतो. पांढऱ्या झुबकेदार मिशा, आवाज गिरणीवरचा — म्हणजे चालू गिरणीवरून ऐकू जाईल असा! गाव त्यांना आण्णा म्हणतं.

हे दोघं रोज संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर बसायचे. एक पेपर दोघांत. सर अग्रलेख वाचणार, आण्णा बाजारभाव. वीस वर्षं असं चाललं होतं. आणि मग त्या दोघांच्या मधे आलं — काय आलं? जमीन? निवडणूक? छे! हेल्मेट! सायकलचं हेल्मेट!

झालं काय, सरांची एक जुनी विद्यार्थिनी होती, कस्तुरी नावाची. बावीस वर्षांची मुलगी, पोस्टात नोकरीला. सायकलवरून येताना गतिरोधकावर चाक उडालं, पडली, डोकं आपटलं. एकोणीस दिवस दवाखान्यात. जीव वाचला, घरी आली. सर भेटायला गेले. सहज गंमत म्हणून म्हणाले, 'काय गं, साता सक किती?' ती बघत राहिली. वर्गात पहिली येणारी पोर, तिला सातचा पाढा आठवेना! सर दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन गेले, आणि बावीस वर्षांच्या मुलीला दोनच्या पाढ्यापासून पुन्हा शिकवायला बसले.

त्या आठवड्यात सर तालुक्याला गेले आणि हेल्मेट घेऊन आले. पांढरंशुभ्र. आणि कट्ट्यावर येऊन आण्णांना म्हणाले, 'आण्णा, तुम्हीही घ्या. सगळ्या गावानं घ्यायला हवं.'

आण्णा म्हणाले, 'सर, मी गिरणीवर डबा द्याय निघालोय. चंद्रावर न्हाय!'

'पडायला चंद्रावर जावं लागत नाही. उभ्या माणसाचं डोकं दगडावर आपटलं तरी पुरतं.'

'पन्नास वर्षं सायकल मारतोय. एकदा पडलो न्हाय!'

'कस्तुरीही त्या दिवसापर्यंत एकदाही पडली नव्हती.'

आता इथे थांबले असते तर बरं होतं. पण थांबतो तो वाद कसला! आण्णांचा आवाज चढला. 'रस्त्यात खड्डं कुणी पाडलं? सायकलवाल्यानं? अंगावर डंपर कोण घालतंय? सायकलवाला? आणि शहाणपण कुणाला शिकवायचं, तर सायकलवाल्याला! डंपरवाल्याला कोण बोलत न्हाय. त्याचं डोकं पत्र्यात हाय! आणि सर, सक्ती करशीला तर पोरी सायकल सोडतील, बाया चालत जातील, आणि गडी फटफटी घेतील. मग बसा हेल्मेटं घिऊन!'

सर उठले. पेपरची घडी केली. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा 'आण्णा' न म्हणता म्हणाले, 'मगदूम, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.'

संपलं! त्या दिवसापासून कट्ट्यावर पेपर एकटाच!

आणि गाव? गावाला काय, भांडण आयतं मिळालं! आठ महिन्यांत दोन पार्ट्या. एक हेल्मेटवाले, एक मोकळ्या डोक्याचे. न्हाव्याकडे बसायची बाकं वेगळी! एका लग्नात तर कोणी ओरडलं, 'नवरदेवाला बाशिंग बांधू नका, हेल्मेट बांधा!' आणि पंगत उठता उठता राहिली. गंमत म्हणजे, हेल्मेटवाल्यांच्या पार्टीत हेल्मेटं किती होती? चार! बाकीचे नुसतेच तत्त्वानं हेल्मेटवाले! अशी माणसं आपल्याकडे नाहीत म्हणा. (मागे कोण खोकलं?)

शेवटी सरांनी ठराव लिहिला. 'हेल्मेट नसलेल्या सायकलस्वारास शाळा, आठवडी बाजार व ग्रामपंचायतीच्या आवारात सायकलसह प्रवेश नाही.' सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रामसभा. ठरावाच्या बाजूनं हुपरीकर सर, विरोधात बाळगोंडा मगदूम. गाव कपडे इस्त्री करून बसलं!

आता मंडळी, जरा जवळ या. पुढचं जे सांगते ते तेव्हा धामणपुरात कोणाला माहीत नव्हतं. तुम्हीही बाहेर बोलू नका. (माईक चालू आहे, माहीत आहे मला!)

सर रोज पहाटे — नाही, पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर — कॅनॉलच्या रस्त्यानं सायकलवर फेरी मारायचे. गावातून जाताना डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आवळलेला. शेवटचं घर मागे पडलं, उसाचा आडोसा आला, की इकडे बघायचे, तिकडे बघायचे — आणि हेल्मेट काढून हँडलला लटकवायचे! काय हो सर? तर टकलावर घामोळं! आणि खरं सांगू का, नुसतं घामोळं नाही. कॅनॉलवरून येणारा तो गार वारा! पन्नास वर्षं कानाशी बोलणारा वारा, तो सोडवेना बिचाऱ्याला. काढताना रोज कस्तुरी आठवायची. रोज ठरवायचे, उद्यापासून नाही काढायचं. आणि परतताना पहिलं घर दिसायच्या आत — पुन्हा डोक्यावर!

आता आण्णांचं ऐका. आण्णा रोज सात वाजता मळ्यात जायचे, म्हशीला वैरण घालायला. सायकलच्या मागे पोतं, पोत्यात गवत. गावातून जाताना डोकं मोकळं, मिशीवर ताव. शेवटचं घर मागे पडलं, उसाचा आडोसा आला, की आण्णा खाली उतरायचे, पोत्यात हात घालायचे, गवत बाजूला करायचे — आणि बाहेर काढायचे... काय? सांगा! हेल्मेट!

आणि हेल्मेट कसलं? जांभळं! वर पिवळी फुलपाखरं! पुण्याच्या नातीचं जुनं हेल्मेट. तालुक्याला जाऊन नवं घ्यावं तर दुकानदार गावभर सांगणार! तेव्हा धामणपूरच्या मोकळ्या डोक्यांचा हा सेनापती रोज सकाळी डोक्यावर फुलपाखरं घेऊन वैरण न्यायचा!

का घालायचा? सांगते. घाई करू नका.

सर सहाला जाऊन साडेसहाला परतायचे. आण्णा सातला निघायचे. म्हणून आठ महिन्यांत गाठ पडली नाही. पण त्या सोमवारी सभा होती. आण्णांनी विचार केला, म्हशीचं लवकर उरकून घ्यावं. निघाले सव्वासहाला!

कॅनॉलला एक वळण आहे. दोन्हीकडे पुरुषभर ऊस. पलीकडचं दिसत नाही. आणि त्याच वळणावर पाटाच्या पाण्यानं अर्धा रस्ता खचलेला. सायकल जायला दोन हात रुंद पट्टी, तेवढीच. ह्या बाजूनं सर येतायत — टक्कल उघडं, गाणं गुणगुणत. त्या बाजूनं आण्णा येतायत — फुलपाखरं डोक्यावर, मान खाली. दोघांनी खड्डा पाहिला. दोघांनी खड्डा चुकवला. आणि दोघं एकाच पट्टीवर आले!

धाड्!

सर उडाले ते उसाच्या पाचटाच्या ढिगावर. मऊ! गादीवर पडावं तसे. आण्णा गेले ते उलट्या अंगाला, आणि त्यांचं डोकं कॅनॉलच्या दगडी कठड्यावर — टाक्!

सर पाचटातून उठले. चष्मा शोधला, डोळ्यांवर ठेवला, तर समोर कोण पडलंय? पाठमोरं. जांभळं हेल्मेट, पिवळी फुलपाखरं. सरांना वाटलं, शाळेचं पोर! धावले, वाकले, म्हणाले, 'बाळ! बाळ, लागलं का रे तुला?'

बाळानं तोंड वळवलं. बाळाला मिशा!

आणि सर चुकले नव्हते हो! बाळच होतं — बाळगोंडा!

दोघं एकमेकांकडे बघतायत. आण्णांनी सरांच्या टकलाकडे बघितलं. सरांनी आण्णांच्या फुलपाखरांकडे बघितलं.

'सर... डोकं उघडं?'

'मगदूम... डोकं झाकलेलं?'

झालं! पडल्या जागी भांडण सुरू!

'सांगतो आज सभेत! हेल्मेट हँडलला घालून फिरतात म्हणून सांगतो!'

'सांगा ना! मीही सांगतो. रंगासकट सांगतो!'

'मला काय भ्या हाय व्हय?' असं म्हणत आण्णांनी हेल्मेट काढलं, आणि त्यांचा आवाज बंद झाला. हेल्मेटला कानामागून पार माथ्यापर्यंत चीर गेली होती. आण्णांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. 

सर शेजारी बसले. आणि बघा हं, काय म्हणाले. 'आण्णा, हे तुम्ही का घालता?'

आठ महिन्यांनी 'आण्णा'!

आण्णा हळूच म्हणाले, 'सर, दिवाळीनंतर मी सांगलीला भाचीच्या पोराच्या बारशाला गेलतो न्हवं? बारसं न्हवतं ते. छातीत दुखलं. जाळी बसवली हृदयात. आता रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू हाईत. डॉक्टर म्हणाले, हातपाय खरचटला तरी जपा, आणि डोक्याला मार बसला तर आत रक्त थांबायचं न्हाय. म्हणाले, सायकल सोडा. सायकल कशी सोडू सर? मग पद्मी म्हणाली, सोडू नका, पर हे घाला. मला शब्द द्या.' (पद्मी म्हणजे पद्माक्का, आण्णांची बायको.)

'एवढं झालं, आणि मला नाही सांगितलंत?'

आण्णांनी सरांकडे बघितलं. 'तुमी बोलत कुठं हुता माझ्याशी?'

मंडळी, मधुकाका, पेटी थांबवा क्षणभर. हे वाक्य ऐका. माणसाच्या हृदयाला जाळी बसते, आणि वीस वर्षांच्या मित्राला पत्ता नाही! का? तर डोक्यावर काय घालावं ह्याचा वाद चालू होता! आपल्या घरात असे वाद किती चालू आहेत? ... राहू द्या. मोजू नका. आरतीला उशीर होईल.

सर म्हणाले, 'आण्णा, मी तुमच्यापेक्षा वाईट आहे. कस्तुरीचं नाव घेऊन गावभर भाषणं करतो, आणि इथं आलो की काढतो. चला, आधी डॉक्टरकडे.'

'सभा झाल्यावर. काय दुखत न्हाय मला. आणि सर... हे दोघातच ऱ्हावं.'

'दोघांतच राहील.'

(आणि ऐका, इथे आण्णांचं ऐकू नका! त्यांनी चुकीचं केलं. डोक्याला मार बसला तर आधी दवाखाना, मग सभा. कीर्तनसुद्धा नंतर! मी रागावणार नाही.)

अकरा वाजले. ग्रामपंचायतीपुढे मांडव. ह्या बाजूला हेल्मेटवाले, त्या बाजूला मोकळे. सरपंच प्रमिलाताई मधे. सर उभे राहिले, ठराव वाचला. आवाज जरा बारीक. वाचून झालं तशी मागून एक बाई उठली. शेवंता लोखंडे. शाळेत झाडलोट करते, रोज लेकीला कॅरियरवर बसवून दोन मैल येते. सभेत आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, पदराचं टोक मुठीत धरलेलं.

म्हणाली, 'सर, खरं सांगू का? तुमचं मला पटत न्हवतं. ऊन लागतं, अंबाड्यावर ते बसत न्हाय, आणि बाया हसत्यात. पर मी आठ महिनं तुमाला बघत आलीया. एक दिस तुमच्या डोक्यावरनं ते उतरलं न्हाय. मग म्हटलं, एवढा शिकलेला माणूस रोज घालतोय, तर ह्यात कायतरी असंल. मी घालीन. लेकीलाबी घालीन.'

टाळ्या! हेल्मेटवाले उभे राहिले! ठराव पास झाल्यात जमा!

आता सांगा मंडळी, तुम्ही सरांच्या जागी असता तर काय केलं असतं? नमस्कार करून खाली बसला असता! बसला असता की नाही? मी तर नक्की बसले असते. आण्णांनी तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय, चूक कोणी बघितलेली नाही, आणि काम चांगलंच होतंय. बिघडलं कुठे?

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. म्हणाले, 'शेवंता, तू मला गावात बघितलंस. कॅनॉलवर नाही बघितलंस. तिथे मी रोज ते काढतो. आज सकाळीही काढलं होतं.'

आणि मग जो हशा उसळला म्हणता! शिट्ट्या! 'ठराव रद्द!' 'सर नापास!' मोकळ्या डोक्याच्या लोकांनी आण्णांचा हात धरून वर केला. 'आण्णा, बोला! जिंकलो आपण!'

आण्णा बघत होते सरांकडे. काडीसारखा माणूस, भर मांडवात उभा. हातातल्या ठरावाच्या कागदाची घडी घालत होता. एक घडी, दोन घडी, तीन... कागद लहान लहान होत चाललेला.

आण्णांनी हात सोडवून घेतला आणि मांडवाबाहेर चालू लागले. लोकांना वाटलं, निघाले घरी. पण आण्णा गेले सायकलपाशी. पोतं सोडलं. पोतं खांद्यावर टाकून आत आले, सरांच्या शेजारी उभे राहिले, गवत झटकलं — आणि घातलं डोक्यावर!

जांभळं! फुलपाखरं!

मंडळी, धामणपुरात असं हसू कधी झालं नव्हतं! प्रमिलाताई टेबल बडवतायत आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसतायत. आण्णा शांत उभे.

'हसा. आणखी कुणाचं ऱ्हायलंय? ... झालं हसून? आता मागनं बघा.'

आणि आण्णा वळले. कानामागून माथ्यापर्यंत चीर. हसू जागच्या जागी थांबलं.

'ही चीर माझ्या डोक्याला पडायची हुती. आज सकाळी.' आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बारसं नव्हतं ते. जाळी. गोळ्या. ज्या मिशीवर ताव मारायचे त्या मिशीआडून, सगळ्या गावासमोर, मी आजारी आहे म्हणून सांगितलं. अशा माणसाला ते सोपं नसतं हो!

हेल्मेटवाले पुन्हा टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आण्णा गरजले, 'टाळ्या नकोत! सक्तीला माझा इरोध हाय. काल हुता, आज हाय, उद्या ऱ्हाईल! मी हे घातलं ते कुणाच्या ठरावानं न्हाय. पद्मीनं शब्द मागितला म्हणून घातलं. उद्या ह्या शेवंताला हेल्मेट न्हाय म्हणून तुमी शाळेच्या दारातनं परत लावली, तर तिची पोर घरी बसंल. ते कुठल्या पुण्याईचं काम? आणि आमी दोघं पडलो कशानं? डोकं उघडं हुतं म्हणून? रस्ता खचला हुता म्हणून! सहा महिनं खचलाय! तिथं आधी माती टाका, मग माझ्या डोक्याकडं बघा!'

सगळं गाव सरांकडे बघायला लागलं. आता सर काय उत्तर देतात?

सर म्हणाले, 'आण्णांचं बरोबर आहे.'

बस्! एवढंच. गणिताचा मास्तर, आणि उत्तराखाली एकही रेघ मारली नाही!

ठराव फाडला नाही हं. नवा लिहिला, तिथेच, त्याच चुरगळलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला. कॅनॉलचा रस्ता भरायचा. गतिरोधकाला पांढरे पट्टे मारायचे. शाळा भरताना-सुटताना डंपर गावातून जाणार नाहीत. आणि हेल्मेट — ज्याचं त्यानं ठरवावं. शेवंता उठून म्हणाली, 'माझं ठरलंय. पर अंबाड्याचं काय ते सांगा!' सरांना ह्याचं गणित येईना. शेवटी सरपंचबाईंनीच सांगितलं, 'वेणी घाल गं, खाली सोड!'

मग काय, सगळं गाव सुधारलं? छे! सुधारतं तर मला कीर्तनं कोण द्यायचं! रस्ता भरायला दीड महिना लागला, आणि तोही रोज सकाळी दोन म्हातारे त्या वळणावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मेंबरला अडवायचे म्हणून. हेल्मेटं चाराची अकरा झाली. बाकीचे अजून मोकळे. शेवंता वेणी घालते. सर आता कॅनॉलवरही काढत नाहीत. घामोळ्याला चंदन लावतात.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. सभा संपली आणि सरांनी आण्णांना रिक्षात घातलं, थेट सांगलीला. डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. देवाची कृपा! दुपारी दोघं घरी आले. तोवर गावच्या बायकांनी पद्माक्कांना सगळी हकीकत दोनदा सांगून झाली होती, एकदा खरी आणि एकदा रंगवून!

पद्माक्का दारात उभ्या. आण्णा रिक्षातून उतरले, हातात ते हेल्मेट. त्यांना वाटलं, आता बोलणी बसणार. पडलो म्हणून, लपवलं म्हणून, उशीर केला म्हणून. पद्माक्कांनी हेल्मेट घेतलं. उलटं केलं. चिरेवर तळहात ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मग म्हणाल्या, 'सहा महिनं रोज दारात उभी ऱ्हायची. तुमी शेवटच्या घरापातूर दिसायचा, डोकं मोकळं. पुढं ऊस. तिथं घालता का न्हाय, मला काय दिसायचं न्हाय. इचारायचं धाडस हुयाचं न्हाय.'

डोळे पुसले.

'आज कळलं. घालत हुता.'

मंडळी, आता मी बोलायचं काय राहिलं?

डोकं कोणाचं? तुमचंच आहे हो. ते दोरीनं बांधून ठेवायला ना सरपंच येईल, ना मी येईन, आणि येऊही नये. पण तुमच्या घरी कोणीतरी आहे, जे तुम्ही दिसेनासे होईपर्यंत दारात उभं असतं. पुढे त्याला दिसत नाही. ऊस आडवा येतो! तिथे तुम्ही काय करता — हेल्मेटचं म्हणा, तंबाखूचं म्हणा, दिलेल्या कुठल्याही शब्दाचं म्हणा — ते तुम्हाला माहीत, आणि वर बसलाय त्याला माहीत.

देवळाबाहेर तेवीस सायकली लागल्यात. येताना बघितल्या मी. हेल्मेटं दोन. त्यातलं एक माझं. दुसरं कोणाचं ते विचारणार नाही, आणि ज्यांचं नाही त्यांना हात वर करायला लावणार नाही. फक्त एक करा. आज घरी गेलात, की जे कोणी दारात उभं असेल त्याला विचारा — 'मी बाहेर पडतो, तेव्हा तुला कशाची भीती वाटते?' आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत आपली बाजू मांडू नका! जमेल? आबा, तुम्हाला? ... आबा बघा, आजींकडे बघतायत. आजी, सांगा त्यांना, सावकाश सांगा. आम्ही तेवढ्यात आरती करून घेतो.

मधुकाका, सूर द्या!